रिबकाबाईंचं दुपारचं जेवण

रोह्यात कामासाठी आलेले पाहुणे दुपार झाली की हमखास विचारतात, "इथं जेवायला बरं हॉटेल कुठलं?" कुणी धाटावच्या कंपनीत ऑडिटला आलेला असतो, कुणी कोर्टात तारखेला, कुणी मुलगी बघायला. मी नावं सांगते. कुठं मासे ताजे, कुठं बायकांना बसायला बरं, कुठली आमटी भर दुपारनंतर घेऊ नये, तेही सांगते. विचारणाऱ्याला वाटतं, या बाईंना बाहेर खायचा फार शौक दिसतो. तसं काही नाही. रोहा, कोलाड, नागोठणे ते पेण या पट्ट्यातल्या हॉटेलांची माहिती मला एकाच दिवाळीच्या आगेमागे झाली आणि ती रिबकाबाईंमुळे.

रिबकाबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी विज्ञान. मी नोकरीला लागले तेव्हा त्या शाळेत चांगल्या मुरलेल्या होत्या. त्यांचं घर अष्टमीत, पूल ओलांडला की आमच्याच गल्लीत. अंगानं किडकिडीत, उंचीला बेताच्या, फिकट रंगाची सुती साडी आणि चालणं असं भराभर की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. एकेकाळी या भागात गावोगाव त्यांची घरं होती. मग एकेक करून सगळे इस्राएलला गेले, थोडे ठाण्याला गेले. रिबकाबाई आणि त्यांचे यजमान, पोस्टातले बनूभाऊ, हे मात्र इथंच राहिले.

पुण्याहून बदलून आलेल्या एका सरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं होतं, "बाई, तुमचं मराठी फारच छान आहे हो."

"रोह्यात जन्मले मी, सर," बाई म्हणाल्या. "दुसरं कुठलं छान असणार?"

आवाजात राग नव्हता. सरांची खरंच काहीतरी समजुतीची चूक झाली आहे आणि ती वेळीच सुधारावी, असा तो आवाज होता. वहीतली चूकही त्या अशीच सुधारायच्या.

शिक्षक खोलीत त्यांच्या चहाकडे सगळ्यांचं लक्ष असे. मटणाबरोबर दूध चालत नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे बाईंनी कोरा चहा मागितला की आज डब्यात मटण आहे हे सगळ्यांना कळायचं आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी मिळायची नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. डबा मुद्दाम मोठा असायचा. नारळाचं दूध, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून केलेलं ते कालवण आमच्यातल्या कुणालाच कधी जमलं नाही. कृती विचारली तर बाई सगळी सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आता हे सगळं विसर आणि वासावर जा."

शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी बाई रिक्षात बसत नसत, पुलावरून चालत यायच्या, आणि खडू हातात धरायच्या नाहीत. शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी लिहायचं नाही, म्हणून त्यांचा शनिवारचा तास सगळा तोंडी. संधी, समास, वृत्त, सगळं नुसतं बोलून. मुलांना तो तास फार आवडायचा, कारण वहीच काढायची नसे. माझ्या वर्गातल्या मुली सांगायच्या की शनिवारी शिकलेलं व्याकरणच लक्षात राहतं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका मंगळवारी मी त्यांच्या वर्गावरून जात होते. आतून एका मुलीचा आवाज आला, "बाई, आज शनिवार हाय का?" वर्ग हसला. बाईही हसल्या. फळा कोरा होता. पुढच्या आठवड्यातही तो कोराच दिसला. त्यांचा उजवा हात पदराखाली असायचा, हे माझ्या लक्षात आलं ते तेव्हा.

बनूभाऊ त्याआधीच गेले होते. एक दिवस पोस्टातून आले, पाणी मागितलं आणि बाई पाणी घेऊन येईपर्यंत संपले होते. त्यांना रोह्यातल्याच ज्यू दफनभूमीत ठेवलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते ठाण्याहून गाडी करून आले. त्यानंतर बाईंची एकुलती मुलगी नाओमी, जी लग्न होऊन इस्राएलला गेली होती, ती बाईंना तिच्या गावी, अश्दोदला घेऊन गेली. आता त्या परत येत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. पण शाळा सुरू व्हायच्या आधी बाई हजर.

"करमलं नाही का?" मी विचारलं.

"सगळे चांगले आहेत गो. जावई चांगला, नात तर गळ्यातच पडलेली असते. पण दुपारी घर रिकामं. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात धडा शिकवायचे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "एकदा बसमध्ये मागून कुणीतरी 'अगो' म्हणालं. मी चटकन वळले. तर त्यांच्या भाषेतला कुठलातरी शब्द होता. माझ्या तोंडाकडे बघून ती बाईच घाबरली."

तिथंही मराठी बोलणारी माणसं आहेत, नाओमी त्यांना पुष्कळ सांगायची. बाई म्हणायच्या, आहेत, शनिवारी भेटतात. बाकीच्या दिवशी काय करायचं?

निवृत्तीनंतर हाताचं वाढत गेलं. मीच त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पेण माझं माहेर, डॉक्टर भावाच्या ओळखीचे. त्यांनी बाईंना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर नाव लिहायला सांगितलं. ज्या अक्षराचे आम्ही शाळेत नमुने म्हणून तक्ते लावायचो, ते अक्षर कागदाच्या कोपऱ्यात बारीक बारीक होत गेलं. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाले, "आपल्याकडे याला कंपवात म्हणतात." बाहेर येऊन आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या राहिलो.

"शब्द चांगला आहे," बाई म्हणाल्या. "सामासिक शब्द आहे. विग्रह कर बघू."

मग त्यांनीच केला. "कंप निर्माण करणारा वात. मधलं पद लोपलं."

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की दोनेक तास हात बराच शांत असायचा, मग पुन्हा सुरू. एकदा कढई उतरवताना उकळतं तेल पायावर सांडलं आणि त्या दिवसानंतर बाईंनी गॅसची शेगडीच कापडात बांधून माळ्यावर टाकायला लावली. माझ्या घरून डबा जाऊ लागला. ज्या बाईंच्या डब्यावर आम्ही सगळे तुटून पडायचो, त्यांच्यासाठी मी डबा भरायचे तेव्हा मीठ-मसाल्यात हमखास काहीतरी चुकायचं. बाई कधी बोलल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "नाओमीला यातलं काही सांगायचं नाही."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी नाओमीचा फोन आला. सासरच्या कुणाचं तरी लग्न ठाण्याला होतं. सुट्टी थोडी, त्यामुळे आईकडे एक दिवस येईन, सकाळी निघून संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात उभ्या. चप्पलही न काढता म्हणाल्या, "चल गो, आपल्याला चांगलं हॉटेल शोधायचंय. दुपारच्या जेवणाचं."

मला हसूच आलं. या बाईंनी आयुष्यात हॉटेलात चहासुद्धा क्वचित घेतला असेल.

"घरी जेवू की. मी करते सगळं."

"घरी नको." त्या खुर्चीवर बसल्या, डाव्या हातानं उजवा धरून. "नाओमी म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. माझ्यासारख्यांना दिवसभर भरवते ती. तिनं माझं स्वयंपाकघर पाहिलं, तर मला इथं ठेवेल का? वाटेतच कुठंतरी जेवायचं, जेवून दफनभूमीत जायचं, तिथून तिला उजेडी परत पाठवायचं. रस्ता खराब आहे म्हणून सांगता येईल. खोटंही नाही ते."

असं आमचं हॉटेल शोधणं सुरू झालं. शनिवार सोडून माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो, कधी माझ्या स्कूटरवर, कधी एसटीनं, कधी मिनीडोर रिक्षानं. नाओमी समोर बसली आहे असं धरून बाई प्रत्येक ठिकाणी जेवून बघायच्या. खुर्ची भिंतीकडे आहे का, टेबल डुगडुगतं का, पेला जड आहे की हलका, हे सगळं बघायच्या. कोळंबी, चिंबोरी त्यांना धर्मानं चालत नसे. खवले आणि पर असलेलाच मासा हवा, आणि त्यातही ज्याचे काटे मोठे आहेत असा, कारण बारीक काटे आता बोटांना सापडत नव्हते.

पहिलं पाहिलं ते रोह्यातलंच, वातानुकूलित, फॅमिलीसाठी वेगळी खोली असलेलं. आत अंधार, छताला तांबडे दिवे. बाई बसल्या, आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. या उजेडात हात दिसणारच नव्हता. मग त्यांनी मेनूकार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि मालकाला बोलावून घेतलं. मालक त्यांचाच विद्यार्थी निघाला, धावत येऊन पाया पडला.

"हे काय लिहिलंस? शाखाहारी?"

"व्हेज, बाई."

"शाकाहारी रे. शाखा म्हणजे फांदी. शेळ्या येतात का इथं जेवायला?"

तो ओशाळला. पुन्हा छापताना नक्की सुधारतो म्हणाला. जेवणही वाईट नव्हतं. पण बाहेर आल्यावर बाई पायरीवर थांबल्या आणि मान हलवली. "नको. अंधारात माझा हात दिसणार नाही हे खरं. पण मला तिचं तोंडही दिसणार नाही. इतक्या वर्षांनी येतेय."

कोलाडला गेलो तो रविवार होता. नदीत राफ्टिंगला आलेल्या मुंबईकरांची झुंबड. तिथं बुफे होता, आणि तो काय प्रकार असतो हे बाईंना माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी वाढून आणते. पण त्या दिवशी नाओमी असेल तर काय करायचं हे बघायला हवं, असं म्हणून त्या स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. ताट हातात घेतलं तोवर ठीक होतं. त्यात वाटी आली, चमचा आला, आणि चमचा ताटावर वाजू लागला. बारीक, सारखा, थांबेना. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. डाळ ताटभर पसरली, थोडी साडीवर आली. मागच्या एका तरुण मुलानं अगदी मायेनं म्हटलं, "आजी, द्या इकडे," आणि ताट त्यांच्या हातातून काढून घेऊन टेबलावर आणून ठेवलं.

बाईंनी त्याला धन्यवाद म्हटलं. मग त्या ताटासमोर बसून राहिल्या. घासही घेतला नाही. माझं जेवण होईपर्यंत बाहेर नदीकडे बघत होत्या. येताना स्कूटरवर माझ्या पाठीशी त्यांचा हात थरथरत होता. त्या रडत आहेत की हात हलतो आहे, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर झाला नाही. त्यानंतर हॉटेलाचं नाव त्यांनी बरेच दिवस काढलं नाही. मला वाटलं, सोडून दिलं.

दिवाळी झाली. नाओमीचा दिवस जवळ आला तेव्हा त्या पुन्हा माझ्या दारात उभ्या राहिल्या. पेणला डॉक्टरांकडे जाऊन येताना वाटेतल्या गडब गावाशी हायवेवर उतरलो. मागे भातशेती, पुढे एक पत्र्याची खानावळ, चार बाकं आणि दारात सारवलेलं अंगण. चालवणारी ताराबाई, बाईंच्याच वयाची, थेट चुलीवरून उठून आली.

"जिताडा हाय का?" बाईंनी तिच्याच बोलीत विचारलं.

"हाय ना. आजच आणलाय खाडीचा. तळू का कालवण?"

जिताड्याला खवले असतात, काटे मोठे असतात. बाई भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. गोळीचा अंमल उतरत आला होता. ताराबाईनं ताट ठेवलं, बाईंच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता ताट परत उचलून नेलं. आली ती काठाचं खोलगट ताट घेऊन. वाटी नव्हतीच, कालवण भातावर घातलेलं. पेला अर्धाच भरलेला.

"माझ्या सासऱ्याला हुतं असं," ती म्हणाली. "वाटी ठेवली का सांडायची. मग मानूस जेवायचाच सोडतो."

बाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा. खूप दिवसांनी मी त्यांना पोटभर जेवताना पाहिलं. हात धुऊन आल्यावर त्यांनी ताराबाईला सगळं सांगितलं. लेक येणार आहे, तिला कळता कामा नये.

"नाय कलनार," ताराबाई म्हणाली. "दोघींना सारखंच ताट देते. लेकीला वाटंल, हितली रीतच हाय."

ठरलेल्या दिवशी आम्ही वेळेआधीच गडबला पोचलो. बाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. नाओमी पेणच्या पुढे आल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी गोळी घेतली, म्हणजे जेवायला बसेपर्यंत हात शांत होईल. पण पुढं रस्त्याचं काम चालू होतं, कुठलातरी कंटेनर आडवा झाला होता आणि वाहनांची रांग हलेना. नाओमी फोन करत राहिली, आई, अजून तिथंच आहे, तू जेवून घे. बाई बाकावर बसून हाताकडे बघत होत्या. हात कितीतरी वेळ नुसता पडून राहिला होता, अगदी निरोगी माणसाचा असावा तसा. मग आधी अंगठा हलू लागला. मी म्हटलं, आणखी एक गोळी घेऊ या. त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी बजावलं होतं.

नाओमी उतरली. चाळिशीची, केस कापलेले, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. तिनं आईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग दोघी समोरासमोर बसल्या. मी ताराबाईच्या चुलीपाशी जाऊन बसणार होते, पण बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. सारखी तीन ताटं आली.

नाओमी बोलत होती. नातीची शाळा, लग्नातली माणसं, कोण भेटलं, कोण म्हातारं झालं. तिचं मराठी जरा अडखळत होतं. बाई हं हं करत होत्या, पण जेवत नव्हत्या. हात मांडीवर होता. बोलता बोलताच नाओमीनं आईचं ताट स्वतःकडे ओढलं. माशाचा तुकडा उकलला, एकेक काटा काढून आपल्या ताटाच्या कडेला ठेवला, मासा भातात कालवला आणि ताट परत सरकवलं. बोलणं मधे कुठंही तुटलं नाही.

"काय करतेस?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. तू जेव."

बाई ताटाकडे पाहत राहिल्या. "कधी कळलं तुला?"

"वर्ष झालं असेल."

"कसं? मी तुला हात कधी दाखवला नाही."

"हात नाही दिसला आई." नाओमीचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "व्हिडिओ कॉलवर फोन तूच धरतेस ना? तुझ्या मागची खिडकी हलते. बाबांचा फोटो हलतो. सगळं घर हलत असतं."

ताराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मग इथं कशाला आलीस?" बाई म्हणाल्या. "फोनवरच बोलायचं होतंस."

"तू जेवायला बोलावलंस. हॉटेल शोधलंस म्हणालीस, चांगलं आहे म्हणालीस. मी नाही कशी म्हणू?"

मला वाटलं होतं, त्या वाद घालतील. आमच्या हेडमास्तरांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत कुणाशीही त्यांनी तोंड खाली घालून बोललेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी मुलीकडे पाहिलं, अगदी निरखून पाहिलं, आणि म्हणाल्या, "मासा गार होईल. जेव."

मग त्याही जेवल्या, नाओमीनं कालवून दिलेला भात, डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरून.

त्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो आणि घरीही गेलो. नाओमीनं स्वयंपाकघरात जाऊन रिकामे डबे पाहिले, ओटा पाहिला, आणि बाहेर येऊन आईच्या पायाशी जमिनीवर बसली. ती आईला न्यायचं ठरवूनच आली होती. कागदपत्रांचं तिकडं सगळं सुरू केलेलं होतं. ती गेल्यावर मी बाईंना म्हटलं, तुम्ही नाही म्हणायचं होतं, मी होते ना इथं.

"तिचं तोंड पाहिलंस?" बाई म्हणाल्या. "किती दमलेय पोर. रोज रात्री माझं घर हलताना बघून झोपत होती ती. वर्षभर. आणि मी इकडं हॉटेलं शोधतेय."

उन्हाळ्याच्या तोंडावर नाओमी पुन्हा आली आणि त्या तिच्याबरोबर गेल्या. जाण्याआधी पुस्तकं शाळेला दिली, भांडी वाटून टाकली. निघायच्या दिवशी सकाळी नाओमी आणि मी त्यांना शेवटचं दफनभूमीत नेलं. बनूभाऊंच्या थडग्यावर त्यांनी सब्ज्याची डहाळी ठेवली आणि ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली. शेजारी एक जागा मोकळी होती. ती त्यांनीच धरून ठेवलेली, हे मला माहीत होतं. राखण करणाऱ्या गड्यानं विचारलं, "बाई, ही जागा कुनाला द्यायची?"

"कुणी आलं तर दे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "इथं आता येणार कोण आहे गो?"

अश्दोदला त्या दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत होत्या. पावसाळा आपला, त्यांच्याकडे तेव्हा कडक ऊन. फोनवर आवाज बारीक होत गेला, अक्षर झालं होतं तसा. शेवटी त्यांना नाओमीच्याच दवाखान्यात ठेवलं. त्या गेल्यावर नाओमीनं मला फोनवर सगळं सांगितलं. "ती हिब्रू कधी शिकलीच नाही, आणि शेवटी इंग्रजीही विसरली. नर्सना वाटायचं ती काहीतरी मागतेय. त्या मला शिफ्टमधून बोलावून घ्यायच्या. मी जाऊन बघायचे, तर ती 'खाली बसा, खाली बसा' म्हणत असायची. कधी कुणाला तरी कर्ता विचारायची, कर्म विचारायची. मला येईल तेवढं मी उत्तर द्यायचे." मग ती म्हणाली, "एकदा उत्तर बरोबर आलं. शाबास म्हणाली." बाईंना तिथल्याच दफनभूमीत ठेवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र त्या निघाल्या त्या दिवशी. दफनभूमीतून गाडी तशीच मुंबईकडे निघाली. मला पेणला भावाकडे जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याच गाडीत पुढे बसले होते. मनात पुष्कळ बोलायचं होतं. पेणला उतरताना काय म्हणायचं, ते मी रोह्यापासून जुळवत होते. मागे दोघी बोलत होत्या, पाणी घे, पदर सांभाळ, असं काहीतरी. नागोठणे मागं पडलं आणि मागचं बोलणं थांबलं. बाई आदल्या रात्री अजिबात झोपल्या नव्हत्या.

पेणच्या नाक्यावर गाडी थांबली. मी उतरले, मागचं दार उघडायला गेले. नाओमीनं काचेतून ओठांवर बोट ठेवलं. बाई तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, चष्मा घसरलेला. त्यांचा उजवा हात नाओमीच्या मांडीवर होता, तळवा वर, बोटं सैल.

तो हात हलत नव्हता. झोपेत या आजाराचा कंप थांबतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. नाओमी त्या हाताकडे बघत होती. मीही रस्त्यावर उभी राहून बघत होते. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला, तरी बाई जाग्या झाल्या नाहीत. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी काचेपासून बाजूला झाले आणि हातानंच त्याला, जा, म्हटलं.